बिशप हेबर आणि बोरघाटाची चढण



पावसाळा लागला कीं मावळांतील उपदेशकाला वाटेची चिंता लागते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कोठेंही जा. ओढ्याला पाणी आलें कीं नेमलेली उपासना पुढें ढकलावी लागते, गाडी चिखलांत रुतते, मंडळी वेळेवर जमते पण पाळक पोंचत नाहीं. अशा वेळीं मनांत विचार येतो कीं, काम जर देवाचें आहे, तर वाट अशी कां असावी? हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांना पडला असेल. ज्या मनुष्याचें चरित्र आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे, त्याचें हिंदुस्थानांतील सारें आयुष्य याच प्रश्नाच्या सोबतीनें गेलें. दोनशें वर्षांपूर्वीं, १८२५ सालच्या पावसाळ्यांत, आपल्याच खंडाळ्याच्या घाटानें तो वर आला होता.

त्याचें नांव रेजिनाल्ड हेबर. पवित्र त्रैक्याची स्तुति करणारें, पवित्र या शब्दाचा त्रिवार उच्चार करून सुरू होणारें जें गीत जगांतील अनेक भाषांत गाइलें जातें, तें हेबरसाहेबांनींच रचिलें. गीत पुष्कळांना ठाऊक आहे. पण तें रचणारा मनुष्य खोपोलीहून खंडाळ्यास चढून कार्ल्यावरून पुण्यास गेला, हें आपल्या मंडळ्यांत फार थोड्यांना ठाऊक असेल.

हेबर यांचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजीं इंग्लंडांतील चेशर परगण्यांत माल्पस या गांवीं झाला. त्यांचे वडील पाळक होते. घरीं पुस्तकांची वाण नव्हती व पैशाचीही नव्हती. ऑक्सफर्ड येथील ब्रेझनोज कॉलेजांत शिकत असतां १८०३ सालीं त्यांनीं पॅलेस्टाइन देशावर एक काव्य लिहिलें, त्यास विद्यापीठाचें पारितोषिक मिळालें, आणि तरुणपणींच त्यांचें नांव झालें. पुढें एका मित्राबरोबर ते रशियापर्यंत प्रवास करून आले. १८०७ सालीं दीक्षा घेऊन ते श्रॉपशर परगण्यांतील हॉडनेट या खेड्यांत पाळक झाले, आणि जवळजवळ सोळा वर्षें त्यांनीं तेथील शेतकऱ्यांची व मजुरांची सेवा केली. १८०९ सालीं अमेलिया शिप्ली यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुष्कळ वर्षांनीं त्यांना पहिली मुलगी झाली, ती १८१८ सालीं तान्हेपणींच वारली. ज्यानें तिहेरी पवित्रतेचें गीत रचिलें, त्यानें आपल्या हातानें आपलें मूल मातीस दिलें होतें, हें तें गीत गातांना आपण विसरूं नये.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १८१९ सालीं पेंटेकॉस्टच्या सणाला रेक्सम या गांवीं परदेशांतील शुभवर्तमानाच्या कामासाठीं वर्गणी गोळा व्हावयाची होती. हेबर यांचे सासरे तेथील पाळक होते. त्यांनीं आदल्या दिवशीं जांवयास प्रसंगाला शोभेल असें एक गीत लिहावयास सांगितलें. हेबर यांनीं तें थोड्याच वेळांत लिहून दिलें. तें गीत अतिशय लोकप्रिय झालें आणि शंभर वर्षें इंग्लंड व अमेरिकेंतील मिशनरी सभांतून गाइलें गेलें. पण त्यांत एक विचार असा आहे कीं, दूरच्या सिलोन बेटांत सृष्टि तेवढी रम्य आहे आणि मनुष्य मात्र अधम आहे. या शब्दांनीं आपल्या देशांतील पुष्कळांचीं मनें दुखावलीं. १९२५ सालीं कलकत्त्यास मिशनऱ्यांपुढें बोलतांना महात्मा गांधींनीं या गीताचा उल्लेख करून आपला खेद स्पष्ट बोलून दाखविला. त्यांचा खेद योग्य होता. हेबर यांनीं तें गीत लिहिलें तेव्हां सिलोन पाहिलें नव्हतें व हिंदुस्थानही पाहिला नव्हता. घरांत बसून, न पाहिलेल्या लोकांविषयीं त्यांनीं निवाडा दिला होता. तो निवाडा पुढें कसा वितळला, हें त्यांच्या प्रवासांत दिसून येतें.

१८२२ सालीं कलकत्त्याचे पहिले बिशप मिडल्टन हे वारले. त्यांच्या जागीं येण्याची विनंति हेबर यांना करण्यांत आली. घरांत पुन्हां एक लहान मुलगी होती, तिची प्रकृति नाजूक होती. म्हणून त्यांनीं दोनदां नकार दिला. पण नकार देऊन त्यांच्या मनाला शांति मिळेना. शेवटीं त्यांनीं तो मागें घेतला व १८२३ सालच्या जून महिन्यांत कुटुंबासह जहाजांत पाय ठेविला. जहाजावर ते हिंदुस्थानी व फारसी शिकत राहिले. ऑक्टोबरांत ते कलकत्त्यास पोंचले. त्या काळीं त्या एका बिशपाच्या हाताखालीं सारा हिंदुस्थान, सिलोन आणि दूरचें ऑस्ट्रेलियासुद्धां होतें. एवढ्या प्रदेशाची देखरेख एका माणसानें कशी करावी? जहाज, होडी, घोडा, हत्ती, पालखी आणि पाय, एवढींच साधनें त्याच्याजवळ होतीं.

१५ जून १८२४ रोजीं ते कलकत्त्याहून होडीनें निघाले. धाकट्या मुलीच्या प्रकृतीमुळें पत्नीला व मुलींना मागें ठेवावें लागलें. सोबतीला स्टो नांवाचे त्यांचे मित्र व खासगी चॅपलेन होते. नद्या पुरानें भरलेल्या, हवा दमट. वाटेंतच स्टो यांना अतिसार झाला, आणि डाक्क्यास पोंचल्यावर जुलै महिन्यांत ते वारले. ज्या मित्राच्या भरंवशावर एवढा दीर्घ प्रवास आंखला होता, तो पहिल्याच टप्प्यांत मातींत ठेवावा लागला.

येथें आपण थोडें थांबूं या. असा प्रसंग आला कीं आपण ख्रिस्ती लोक कधीं कधीं फार घाई करितों. प्रेत घरांत असतांनाच यांत देवाचा काय हेतु होता तें सांगूं लागतों. हेबर यांनीं तसें केलें नाहीं. स्टो यांची एक बहीण हिंदुस्थानांत आलेली होती. परक्या देशांत तिचा एकुलता आधार गेला होता. हेबर यांनीं पहिल्यानें तिला पत्र लिहिलें, तिच्या भावाच्या शेवटच्या दिवसांची हकीकत कळविली, आणि आपलें घर तें तिनें आपलेंच घर समजावें अशी विनंति केली. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्याआधीं त्यांनीं त्या दुःखांत आपल्याहून अधिक पोळलेलें माणूस शोधलें. त्यानंतर ते पुढच्या प्रवासास निघाले.

ती वाट सोपी नव्हती. गंगेवरून वर जातांना वादळें लागलीं. लखनौ सोडल्यावर त्यांना ज्वरानें गांठलें, आणि जवळ वैद्य नसतां स्वतःच्या औषधांवर व नोकरांच्या सेवेवर विसंबून राहावें लागलें. हे नोकर हिंदु व मुसलमान होते. ज्यांना शिकवावयास आलों त्यांनींच आपल्या उशाशीं बसून आपली शुश्रूषा करावी, हा त्यांच्या गर्वाला मोठाच धडा होता. पुढें बरेलीहून हिंवतापाचें तराई जंगल ओलांडून ते अलमोड्यास गेले. तेथून दिल्ली, आग्रा, जयपूर, अजमेर असे करीत गुजराथेंत उतरले. या प्रवासांत त्यांनीं घरीं लिहिलेल्या पत्रांत व रोजनिशींत हिंदुस्थानांतील लोकांविषयींचें त्यांचें मत निराळेंच दिसतें. हे लोक सौम्य आहेत, संयमी आहेत, बुद्धीनें तीक्ष्ण आहेत, असें ते वारंवार लिहितात. रेक्समच्या त्या खोलींत लिहिलेल्या ओळीला वाटेवरच्या माणसांनीं हळूहळू उत्तर दिलें.

१८२५ सालच्या मार्च महिन्यांत गुजराथेंत नडियाद येथें त्यांची व स्वामिनारायण पंथाचे संस्थापक सहजानंद स्वामी यांची भेट झाली. बिशपांबरोबर सरकारनें दिलेले घोडेस्वार व शिपाई होते. स्वामींबरोबरही सुमारें दोनशें घोडेस्वार होते. दोन्ही बाजूंचे घोडे व शस्त्रें पाहून हेबर यांना लाज वाटली. दोन धर्मगुरु एकमेकांस भेटावयास यावे आणि त्यांच्यामागें दोन लहान सैन्यें उभीं असावीं, हें त्यांच्या मनाला बोंचलें. त्याहून एक गोष्ट त्यांना अधिक लागली. आपल्याबरोबरचे स्वार हे नेमून दिलेले चाकर. त्यांना आपल्या शिकवणीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. स्वामींबरोबरचे लोक मात्र प्रेमानें आलेले त्यांचे शिष्य. हा फरक त्यांनीं स्वतःच आपल्या रोजनिशींत मोकळेपणानें लिहून ठेविला आहे. सरकारी इतमाम पाठीशीं असला म्हणजे माणसाचें हृदय जिंकलें जातें असें नाहीं, हें त्यांना त्या दिवशीं उमगलें.

एप्रिल महिन्यांत ते मुंबईस पोंचले. दहा महिन्यांच्या वियोगानंतर पत्नी व थोरली मुलगी कलकत्त्याहून समुद्रमार्गानें तेथें येऊन त्यांना भेटल्या. मग जूनच्या शेवटीं, ऐन पावसांत, ते पुण्यास जावयास निघाले.

मुंबईहून पनवेलपर्यंत होडी, आणि तेथून चौक, खालापूर यांवरून खोपोलीपर्यंत सपाट वाट. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेलें तळें व त्याच्या कांठचें महादेवाचें देऊळ तेव्हांही होतें. तेथून पुढें बोरघाट. १८०४ सालीं जनरल वेलस्ली यांनीं या घाटांत लष्करासाठीं वाट करविली होती. वाट रुंद होती, चांगलीही होती, पण चढण इतकी उभी कीं, लादलेली गाडी वर जाणें कठीण, आणि आंत माणूस बसलेली पालखी वर नेणेंही तितकेंच कठीण. ज्याला वर जावयाचें असेल त्यानें पायीं चालावें अथवा घोड्यावर बसावें, आणि माल बैलांच्या व घोड्यांच्या पाठीवरून न्यावा, असा त्या घाटाचा रिवाज हेबर यांनीं नमूद करून ठेविला आहे.

बंधूंनो, हा रिवाज लक्षांत घ्या. कलकत्त्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ज्याची सत्ता, ज्याच्यापुढें नडियादेस घोडेस्वार चालत होते, त्यालाही खोपोलीच्या पायथ्याशीं पालखींत बसून राहतां येत नव्हतें. मिठाचीं पोतीं लादलेले बैल, त्यांच्यामागचे हांके, डोक्यावर गांठोडीं घेतलेले वाटसरू, यांची जी वाट तीच बिशपाची वाट. सह्याद्रीच्या पावसाला हुद्दा कळत नाहीं. जो पाऊस हमालाच्या घोंगडीवर पडतो, तोच मोठ्या साहेबाच्या टोपीवर पडतो. अशा वाटेला आपण अडचण म्हणतों. पण या अडचणीनें मोठ्याला खालीं उतरविलें आणि लहानाच्या शेजारीं आणून उभें केलें. आपल्या प्रभूनें स्वर्गाचें वैभव सोडून गालीलाच्या धुळींत पाय ठेविले, हें आपण नेहमीं शिकवितों. त्याच्या सेवकाला तो धडा आमच्या घाटाच्या चढणीवरही मिळूं शकतो.

माथ्यावर खंडाळा. पुढें लोणावळ्याच्या बाजूनें इंद्रायणीचा उगम, उजव्या हातास लोहगड व विसापूर, आणि डाव्या हातास डोंगरांत कार्ल्याचें लेणें. हेबर यांनीं तें लेणें मुद्दाम जाऊन पाहिलें. आपल्यापैकीं अनेकांनीं तें पाहिलें आहे. एकवीरेच्या देवळाशेजारीं खडकांत कोरलेलें तें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब आहे, त्यांत ३७ खांब आहेत, आणि छताला जुन्या लांकडाच्या कमानी अजून टिकून आहेत. त्याचा आंतील आकार ख्रिस्ती मंदिरासारखा भासतो, असें पुष्कळ पाहणारांनीं म्हटलें आहे. तेथील खांबांवर व भिंतींवर अक्षरें कोरलेलीं आहेत. १८२५ सालीं तीं अक्षरें वाचणारा कोणीही नव्हता. ब्राह्मी लिपीची किल्ली जेम्स प्रिन्सेप यांना १८३७ च्या सुमारास सांपडली. मग कळलें कीं, तीं दान देणारांचीं नांवें आहेत. त्यांत घाटानें येणारेजाणारे व्यापारी आहेत आणि यवन म्हणविणारे परदेशी लोकही आहेत. हेबर त्या खांबांपुढें उभे राहिले, अक्षरें त्यांच्या डोळ्यांसमोर होतीं, पण अर्थ कळला नाहीं. अर्थ नव्हता असें नाहीं. वाचण्याची वेळ आली नव्हती. आपल्या संकटांचेंही पुष्कळदां असेंच असतें. जें आज वाचतां येत नाहीं, त्याचा खोटा अर्थ सांगूं नये, आणि त्यांत अर्थच नाहीं असेंही म्हणूं नये.

पुण्यास जाऊन त्यांनीं छावणींतील सेंट मेरी मंदिराचा अर्पणविधि केला. तें मंदिर आजही उभें आहे.

बोरघाटाविषयीं हेबर यांनीं दिलेला एक अभिप्राय येथें सांगण्यासारखा आहे. त्यांना वाटलें कीं, कोंकण व देश यांच्यामध्यें जेवढें दळणवळण आहे किंवा पुढें होण्याचा संभव आहे, तेवढ्याला ही वाट पुरेशी आहे. हा अंदाज साफ चुकला. पांचच वर्षांनीं, १० नोव्हेंबर १८३० रोजीं, गव्हर्नर माल्कम यांनीं गाड्या जातील असा नवा रस्ता खुला केला. १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. ती वाट कोरतांना हजारों मजूर राबले व पुष्कळ मजूर मेले. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. एवढा विद्वान, एवढा प्रवास केलेला, एवढा प्रार्थनाशील मनुष्य; पण त्याला आपल्या पायांखालच्या वाटेचें भवितव्य पांच वर्षांपुढचें दिसलें नाहीं. म्हणून आपल्या मंडळीचें काम एवढेंच राहणार, आपल्या गांवांत आतां कोणी नवा येणार नाहीं, असा निवाडा कोणा उपदेशकानें देऊं नये.

ऑगस्ट महिन्यांत हेबर मुंबईहून सिलोनास गेले. ज्या बेटाविषयीं न पाहतां लिहिलें होतें, तें आतां त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें व तेथील ख्रिस्ती लोकांत ते वावरले. मग कलकत्त्यास परतून त्यांनीं १८२५ सालच्या अखेरीस अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली. अब्दुल मसीह हे दिल्लीकडील मुसलमान गृहस्थ. कानपुरास हेन्री मार्टिन यांचें भाषण ऐकून त्यांच्या मनांत विश्वासाचें बीं पडलें, १८११ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढें आग्र्यास त्यांनीं अनेक वर्षें सेवा केली. देशी मनुष्यानें पाळक व्हावें, ही गोष्ट आज आपणांस साधी वाटते. त्या काळीं तसें वाटत नव्हतें. आज आपल्यांतील जो कोणी पाळकाचा झगा घालतो, त्यानें अशा पहिल्या माणसांची आठवण ठेवावी.

१८२६ सालच्या आरंभीं हेबर दक्षिणेच्या फेरीस निघाले. या वेळींही पत्नी व मुली कलकत्त्यास राहिल्या. मद्रासेहून ते तंजावरास गेले. तेथें त्यांना आपल्या मराठी बोलणारांपैकींच एक राजा भेटला. सरफोजी राजे भोसले हे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखालीं वाढले होते. त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाहीं, पण गुरूवरील त्यांचें प्रेम अखेरपर्यंत टिकलें. श्वार्ट्झ वारून अठ्ठावीस वर्षें झालीं असतांही तें प्रेम तसेंच ताजें असलेलें हेबर यांनीं पाहिलें. २६ मार्च रोजीं ईस्टरचा सण होता. त्या दिवशीं बिशपांनीं तामिळ मंडळीला तिच्याच भाषेंत आशीर्वाद दिला. चार शब्दच असतील, पण ते त्यांनीं मुद्दाम शिकून घेतले होते.

तेथून ते त्रिचनापल्लीस गेले. ३ एप्रिल १८२६ रोजीं पहांटे किल्ल्यांतील तामिळ मंडळीचा दृढीकरण-विधि त्यांनीं केला. त्या गरीब मंडळीला पाळक नव्हता. तिची ती विनंति ऐकून, मन भरून ते मुक्कामावर परत आले. ऊन फार होतें. स्नानासाठीं ते तेथील हौदांत उतरले, आणि बराच वेळ झाला तरी बाहेर आले नाहींत म्हणून नोकरानें पाहिलें, तों प्राण गेलेला होता. अद्याप त्रेचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. हिंदुस्थानांत पाय ठेवून अडीच वर्षें झालीं होतीं, आणि त्यांतील बहुतेक काळ वाटेवरच गेला होता. त्रिचनापल्लीच्या सेंट जॉन मंदिरांत त्यांना मूठमाती दिली. कलकत्त्यास अमेलियाबाई दोन लहान मुलींसह विधवा झाल्या. १८२८ सालीं त्यांनीं पतीची रोजनिशी छापून प्रसिद्ध केली; तिच्यामुळेंच बोरघाटाची ती चढण आपणांस आज ठाऊक आहे.

या मृत्यूचा अर्थ काय? लोकांना तेव्हां कांहींच कळला नाहीं. पण हेबर यांच्यामागून आलेले दोन बिशपही थोड्याच वर्षांत वारले, आणि एवढा अफाट प्रदेश एका माणसाच्या माथीं मारणें म्हणजे त्याला मारणेंच आहे, हें विलायतेंतील अधिकाऱ्यांना अखेर पटलें. १८३५ सालीं मद्रासेस व १८३७ सालीं मुंबईस निराळे बिशप नेमले गेले. याचा अर्थ असा नव्हे कीं, अमेलियाबाईंचे अश्रू त्यामुळें पुसले गेले. ज्याचें जातें त्याचें जातेंच. पण देवाच्या राज्यांत कोणाचीही चढण वायां जात नाहीं, एवढें आपण नम्रतेनें म्हणूं शकतों.

हेबर हे निर्दोष नव्हते. ते राज्यकर्त्यांचे बिशप होते. त्यांचा पगार, त्यांचे शिपाई, त्यांची पालखी हें सारें कंपनी सरकारच्या छायेंत चालत होतें. त्यांच्या रोजनिशींतही परक्याच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या व अर्धवट समजलेल्या गोष्टी आहेत. पण प्रत्येक वेळीं प्रवासांतील एखाद्या अडचणीनें त्यांना आसनावरून खालीं उतरविलें, आणि उतरल्यावर त्यांनीं तोंड फिरविलें नाहीं. शेजारीं कोण आहे तें पाहिलें. डाक्क्यास मित्राची बहीण दिसली. तापांत शुश्रूषा करणारे नोकर दिसले. नडियादेस दुसऱ्या धर्मगुरूचे निष्ठावंत शिष्य दिसले. घाटांत ओझ्याखालीं वांकलेले वाटसरू होते. त्रिचनापल्लीस पाळक नसलेली मंडळी भेटली.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या व अठ्ठाविसाव्या अध्यायांत पौलाचें जहाज फुटल्याची हकीकत आहे. २७६ माणसें भिजून मिलिता बेटाच्या कांठीं लागलीं. बेटावरील परक्या लोकांनीं पावसांत व थंडींत त्यांच्यासाठीं शेकोटी पेटविली. तेव्हां पौलानें काय केलें? तो काटक्या गोळा करूं लागला. उपदेश पुढें झाला, आजारी बरे पुढें झाले, आधीं काटक्या. ज्यानें परक्याची ऊब घेतली व त्या शेकोटींत आपलीही मोळी घातली, त्याचेंच म्हणणें त्या बेटानें ऐकलें.

म्हणून, उपदेशक बंधूंनो व बायबल-बायांनो, येत्या पावसाळ्यांत वाट अडली, गाडी रुतली, ओढा चढला, तर त्या वेळीं परमेश्वराचा गूढ हेतु शोधीत बसूं नका. जेथें थांबावें लागलें तेथें पाहा. ज्या पडवींत आसरा घेतला त्या घरांत कोणी आजारी असेल, त्याची विचारपूस करा. बरोबर अडकलेल्या वाटसरूला आपली भाकर अर्धी द्या. त्या घरचें कोणी आपल्याला चहा देईल तर तो कृतज्ञतेनें घ्या. देण्यापेक्षां घेण्यांतही कधीं अधिक नम्रता लागते. आणि नेमलेल्या गांवीं उशिरां पोंचलां, तर वाट पाहात बसलेल्या मंडळीला अगोदर आपल्या हालांची कहाणी सांगूं नका. ती किती वेळ ओल्यांत बसली होती तें विचारा. आपल्या अडचणींचा अर्थ देव त्याच्या वेळीं वाचून दाखवील. तोंवर चढण चढावयाची आहे, आणि तिच्यावर आपण एकटे नाहीं. प्रभु येशु ख्रिस्त आपल्याबरोबर पायींच चालत आहे. त्याची कृपा मावळांतील सर्व मंडळ्यांवर राहो. आमेन.